सत्तावन्न हप्ते

॥ श्री गजानन ॥
सिंदी मेघे, गुरुवार, १० जुलै २०२५

चि. अंकिता,

घरी सगळे ठीक आहेत, हे आधी लिहून टाकते. आईचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलेलं पाहून तुझ्या छातीत धडधडलं असेल. आज गुरुपौर्णिमा. पोथी झाली, बाबांना खिचडी भरवली, त्यांचा डोळा लागला, म्हणून दुपारी बसली आहे.

फोनवर बोलता येत नाही. आपल्या दोन खोल्या तुला माहीत आहेत. बाबांची खाट समोरच्या खोलीत. लकव्यानं त्यांचं बोलणं नेलं, पण कान नेले नाहीत. मी डब्याचं झाकण लावलं तरी कोणता डबा ते ओळखतात. तुझ्याकडे तुझा फोन वेदश्रीच्या हातात, अन् वेदश्री नानांच्या, तुझ्या सासऱ्यांच्या मांडीवर. तुझं उत्तर शेजारच्या यशोदाबाईंच्या नावानं पाठव. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे काळजी नाही.

सोमवारी एक फोन आला. 'माताजी, मैं ताराचंद, नागपुर से. अंकिता का पढ़ाई का लोन. तीन लाख बहत्तर हजार. कब भर रहे हैं?' मी म्हटलं, चुकीचा नंबर. त्यानं तुझं पूर्ण नाव सांगितलं, कॉलेजचं नाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं. माझ्या हातातलं कणकेचं ताट खाली ठेवता आलं नाही, तशीच उभी राहिली.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. तुझ्या इंजिनिअरिंगचं कर्ज बाबांनी लग्नाआधी फेडलं, असं तुला सांगितलं होतं. नाही फेडलं. कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाल्यावर फंड आला तो या दोन खोल्यांत गेला. मग तुझ्या लग्नाची बैठक. नाना म्हणाले होते, "आम्हाले हुंडा नको, मानपान नको. नारळ अन् पोरगी. फकस्त एक सांगा अण्णाजी, पोरीच्या नावावर कुठं काई देणं हाय का?" मी चहाचा ट्रे घेऊन दारात होती. तुझे बाबा म्हणाले, "एक पैसा नाई."

माझ्या हातात ट्रे होता म्हणून बरं. नाहीतर मी मध्येच बोलून बसली असती.

त्याआधीपासून हप्ते मीच भरत होती, पुढंही भरत राहिली. चौऱ्याऐंशी हप्ते, सात वर्षं, एकही महिना सुटला नाही. बाबांना लकवा झाला त्या महिन्यातही यशोदाबाईंना खाटेजवळ बसवून भरून आली. बँकेनं तुझ्या नावाचं पासबुक दिलं होतं, त्या खात्यात भरायचे, म्हणजे हप्ता आपोआप कापला जातो. प्रत्येक स्लिप तारेत ओवून ठेवली आहे, प्रत्येक रक्कम वहीत आहे. डिसेंबरात शेवटचा भरला तेव्हा बाबांना पेढा भरवला. ते रडले होते.

मग हे तीन लाख बहात्तर हजार कुठून आले?

ताराचंद म्हणतो, नाही भरले तर तो तुझ्या सासरी येईल, शाळेतही येईल. मला बाकी काही भीती नाही. नानांनी एवढा एकच प्रश्न विचारला होता. तसेही वेदश्रीच्या बारशापासून ते आपल्याकडे पाणी घेत नाहीत, मागच्या वाढदिवसाला आले तर दारातूनच गेले. काय चुकलं आपलं, मला कळलं नाही. त्यात हे कळलं तर बाबांच्या शब्दाचं काय राहील?

घरी बोलू नको. तुला फोन आला का ते लिही.

तुझी आई


पुलगाव, शाळेतून
१६ जुलै २०२५

प्रिय आई,

ऑफ तासाला लिहिते आहे. तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हे दुसऱ्या कुणाच्या तरी घरातलं आहे. बाबांनी मला लग्नाआधी कर्जाचा कागद दाखवला होता, त्यावर शिक्का होता. मी वाचला नाही. शिक्का पाहून खूश झाले. इंजिनिअर मुलगी, आणि कागद वाचला नाही.

मला फोन आलेला नाही. तू घाबरू नकोस. हे वसुलीवाले जुनी यादी घेऊन फिरतात, तुझ्या फेडलेल्या कर्जावर कुणीतरी पैसे उकळतो आहे असंच मला वाटतं. एक रुपया देऊ नकोस. जे काही असेल ते लेखी पाठवा म्हण. आणि तारेतल्या सगळ्या स्लिपा घेऊन बँकेत जा, कर्ज फिटल्याचा दाखला माग.

सात वर्षं, आई. तू शिवणाच्या मशीनवर वाकलेली असायचीस, मी म्हणायचे जरा आराम कर, तू म्हणायचीस बसून बसून गंजेन. आता कळलं.

म्हणून आज पहिल्यांदा बोलते. तुझं म्हणणं, दिलेलं बोलू नये, बोललं की त्याचं पुण्य जातं. गुरुवारच्या आरतीला गुप्तदानाच्या डब्यात कोण किती पीठ टाकतं ते पाहायचं नाही, म्हणून तू आमचे डोळे झाकायचीस. म्हणून मीही कधी बोलले नाही. पण माझं कर्ज फेडता फेडता तू माझ्या कॉलेजच्या खात्यातही दर महिन्याला पाठवत होतीस, ते कसं जमवलंस? लॉकडाऊनपासून डिसेंबरपर्यंत. त्या खात्याला माझा नंबर मी तेव्हाच जोडला होता, फोनवर मेसेज यायचा, चार हजार शंभर जमा. धनंजयला मी विचारायचे, वरचे शंभर कशाला? तो म्हणायचा, माहेरचा शगुन आहे, शगुनावर थोडं वर असतंच. जानेवारीत आले नाहीत तेव्हा वाटलं बाबांची औषधं महागली असतील. विचारायचा धीर झाला नाही.

आई, थँक्यू. हा शब्द तुला आवडत नाही, तरी.

तुझी अंकू


॥ श्री गजानन ॥
सिंदी मेघे, मंगळवार, २२ जुलै २०२५

अंकिता,

सगळं ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं लिहिते, नाहीतर माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

आज अकराला बँकेत गेली. बँक दुसऱ्या बँकेत मिळाली त्याला पाच वर्षं झाली. पाटी नवी, पंखे तेच. लीना मॅडम म्हणून एक ऑफिसर आहे, तुझ्याच वयाची. मी तार तिच्या टेबलावर ठेवली. तिनं चार-पाच स्लिपा उलटून पाहिल्या, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, अन् म्हणाली, "काकू, स्लिपा खऱ्या आहेत. पैसे आलेत. पण हे खातं कर्जाचं नाही."

मी म्हटलं, मग कोणाचं?

"अंकिताचं बचत खातं आहे. यातून हप्ता कापून कर्जात जात होता. मार्च वीसपर्यंत गेला. सत्तावीस हप्ते. मग बँक बदलली, तेव्हा ती कापायची मंजुरी नव्यानं लिहून द्यायची होती. तसं पत्र पाठवलं होतं."

पत्र कुठं पाठवलं? बोरगाव मेघेला, आपल्या जुन्या भाड्याच्या खोलीवर. येताना तिकडं जाऊन आली. घरमालक बापूरावांनी बँकेची अकरा पाकिटं खुंटीच्या पिशवीत नीट ठेवली होती, आपण कधीतरी येऊ म्हणून. एकही फोडलं नव्हतं. प्रामाणिक माणूस.

मॅडम म्हणाली, पासबुक भरून घ्या. मी ते सात वर्षांत एकदाही भरून घेतलं नव्हतं. मशीनपुढची रांग पाहून म्हणायची, माझी वही आहे ना, बँकेपेक्षा चोख. आज घातलं. खर्र खर्र करत पानामागून पान. जमा चार हजार शंभर. दोन दिवसांनी खर्च चार हजार शंभर, एटीएम पुलगाव. पुढचा महिना, जमा, खर्च. मी बोटानं मोजलं. सत्तावन्न वेळा जमा, सत्तावन्न वेळा खर्च. शिल्लक तीनशे बारा रुपये.

मी मॅडमला म्हटलं, चोरी झाली, पोलिसांत जाऊ. तिनं पुलगावच्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळू म्हणाली, "काकू, याचं कार्ड कोणाकडे आहे?"

मला कार्ड माहीत नव्हतं. मी घरी आली. यशोदाबाईंनी पदराखालून तुझं पत्र दिलं. न्हाणीत उभं राहून वाचलं.

शगुन.

तीन वेळा वाचलं. मग नळ सुरू केला, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

मी कधी सांगितलं नाही, आज सांगते. ते चार हजार शंभर कुठून यायचे ठाऊक आहे का? अर्धा लिटर दुधाचं पाव केलं. गुरुवारी मंदिरात ऑटोनं जायची ती पायी जाऊ लागली. एका साडीच्या पिको-फॉलचे साठ रुपये, म्हणजे महिन्याला तीस साड्या, बाकी पापड-कुरडया. चष्म्याची दांडी तुटली, तिला दोरा बांधला, तो दोरा तूच तोडलास वेदश्रीच्या दुसऱ्या वाढदिवसाला अन् हसलीस.

मी रागानं लिहीत नाही. माझ्या हातातून राग निसटून गेला आहे. मला फक्त काही समजून नाई राह्यलं. पैसे घरातच होते. चोर नव्हता. मी माझ्या हातानं भरले, तू तुझ्या हातानं काढले, अन् व्याज मधल्या मध्ये वाढत गेलं.

बावीसची संक्रांत आठवते का? मी तीळगूळ घेऊन नाचणगावला आली होती. नाना बाहेरच्या खोलीत होते. तू म्हणालीस, "आई, ते दर महिन्याचे पैसे..." अन् मी तुझ्या तोंडावर बोट ठेवलं. मला वाटलं तुला कर्जाचं कुठून तरी कळलं, अन् नाना ऐकतील.

त्या दिवशी मी बोट ठेवलं नसतं तर सगळं तेव्हाच कळलं असतं, एवढंच.

कशात गेले, ते मी पुसणार नव्हती. पण लिही.

ताराचंदचा रोज फोन येतो. पाच ऑगस्टला नाचणगावला येतो म्हणतो.

आई


पुलगाव
२८ जुलै २०२५

आई,

दोन दिवस शाळेत गेले नाही. ताप आला असं सांगितलं. खरंच आला.

संक्रांतीचं मला स्वच्छ आठवतं. तू बोट ठेवलंस आणि मला वाटलं, गुप्तदानाचं बोलू नकोस म्हणते आहे. केवढा अभिमान वाटला होता मला तुझा. रात्री धनंजयला सांगितलं, माझी आई अशी आहे.

कशात गेले ते लिहिते, पण माझ्याकडे तुझ्यासारखी वही नाही. आठवेल तसं.

पहिले आले ते एप्रिल वीसमध्ये. शाळेनं पगार अर्धा केला होता, धनंजयचं पंपदुरुस्तीचं दुकान बंद. नाना कुणापुढे हात पसरणारे नाहीत. त्या आठवड्यात घरात तेल संपलं होतं आणि सासूबाई भाजी नुसत्या पाण्यात परतत होत्या. मेसेज आला तेव्हा मी मोरीत बसून रडले. वेदश्रीच्या वेळी सिझेरियन झालं, त्यात बरेच महिने गेले. दुकान पुन्हा उभं करताना तारेचं भेंडोळं आणलं. एक वर्ष तरी नुसतं किराण्यात गेलं असेल. सहज गेलं, आई. येतंय म्हणून गेलं.

आणि तुला दर दिवाळीला साडी यायची ना, ती त्यातूनच. जांभळी इरकल तू वहीत 'अंकिताकडून भेट' म्हणून लिहिलीस, मला दाखवलीही होतीस.

बाबांच्या पाठीला जखमा झाल्या तेव्हा आणलेली हवेची गादी. तिची किंमत चार हजार शंभर होती. बरोबर एक हप्ता. बाबा तीन वर्षं त्या हप्त्यावर झोपले आहेत.

मला हे लिहिताना हसू आलं आणि मग थांबता आलं नाही, कसलं ते कळत नाही. वर्गातल्या मुली पाहत होत्या.

काल धनंजयला सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मले वाटे, तुया आईचं मन मोठं. ते तर मी समजलो त्याहून मोठं निघालं." मग म्हणाला, बाबांना सांगायलाच पाहिजे. त्याच्या बाबांना. माझ्याकडे अडतीस हजार आहेत, ते तुझेच आहेत. पण नानांना मी सांगते, ताराचंद यायच्या आधी. त्याच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं.

अंकू


॥ श्री गजानन ॥
सिंदी मेघे, शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

चि. अंकिता,

नानांना सांगू नको. माझी शपथ आहे.

हवेच्या गादीचं वाचलं आणि बाबांची चादर बदलताना माझा हात थांबला. ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना काहीतरी समजून राह्यलं आहे, अन् विचारता येत नाही.

ताराचंदला मी वळणावर आणून राहिली आहे. काल यशोदाबाईंच्या गच्चीवर जाऊन त्याच्याशी बोलली. तो म्हणाला, माताजी, आपके पास क्या प्रूफ है. मी म्हटलं, लिहून घ्या. अन् वही उघडून वाचायला लागली. पहिला हप्ता, पाच जानेवारी अठरा, स्लिप नंबर अमुक. दुसरा हप्ता. तो मध्ये मध्ये हां हां म्हणे. एकतिसाव्या हप्त्याला म्हणाला, "माताजी, बस कीजिए, मेरा टारगेट है, मुझे और दस फोन करने हैं." मी म्हटलं, तुम्हाले दहा हाय, मले त्रेपन्न हायेत, ऐका. त्यानं ठेवला. नंतर पुन्हा केला, अन् आवाज बदलून विचारलं, माताजी, ये सब आपने अकेले भरा? मी म्हटलं हो. तरी पाचला येतोच म्हणाला. त्याचा साहेब पाठवतो आहे.

लीना मॅडमनं सांगितलं की वसुलीवाल्यानं दुसऱ्या माणसाजवळ कर्जाचं बोलायचं नसतं, अन् सासरी जायचंही नसतं. तसा अर्ज मी दिला आहे. दुसरा अर्जही दिला, की मंजुरी तुटल्याचं आम्हाला कळलं नाही, स्लिपा जोडल्या आहेत. मॅडम म्हणाली दंड आणि वरचं व्याज सुटेल असं वाटतं, एक लाख ब्याऐंशी हजारांवर मिटवतील. माझी पोत सराफाला दाखवून आली. तुझे अडतीस, माझी पोत, अन् पुढं पाहू. नानांपर्यंत जायचं कामच नाही.

तुझे बाबा आयुष्यात एकदाच खोटं बोलले. ते तुझ्यासाठी बोलले. ते आता त्या खाटेवरून ते खोटं परत घेऊ शकत नाहीत, बेटा. मी त्यांच्याकडून कसं घेऊ?

पाचला दुकान बंद ठेवायला सांगजो जावयांना. ताराचंद आला तर रस्त्यातच गाठतील.

आई


नाचणगाव
६ ऑगस्ट २०२५

आई,

हे पत्र घरातूनच लिहिते आहे, ओसरीवर बसून. वाचताना आधी खाली बस.

तुझी शपथ मी मोडली नाही. धनंजय काल सकाळपासून पुलगाव नाक्यावर उभा होता. ताराचंद दुसऱ्या रस्त्यानं आला. मोटरसायकलवर, पंचवीस-सव्वीसचा, घामानं भिजलेला, पाठीला दप्तर. नाना ओसरीवर सुपारी कातरत होते. मी आत कणीक मळत होते. माझं नाव ऐकलं आणि तुझ्यासारखीच ताट हातात धरून उभी राहिले.

त्यानं घरच्यांना सांगायचं नसतं ते सगळं सांगितलं. कर्ज, किती, कधीचं. नानांचा अडकित्ता थांबला. त्यांनी त्याला बस म्हटलं. मला हाक मारली, "सूनबाई, पाणी आण याले. अन् तूही ये."

मी पाणी दिलं आणि तिथंच जमिनीवर बसले. मग मी सांगितलं, आई. पहिल्यापासून. बैठक, बाबांचा शब्द, तुझ्या स्लिपा, सत्तावन्न हप्ते, शगुन. ताराचंदसमोरच. तो उठायला लागला तर नाना म्हणाले, बस, तूही ऐक.

सांगून झालं. मला वाटलं आता म्हणतील, अण्णाजीनं फसवलं. त्यांनी मला एकच विचारलं, "ते चार हजार शंभर कर्जाचे होते?"

मी हो म्हटलं.

"तुया मायनं तुले पाठवले नवते?"

नाही म्हटलं.

आई, नानांनी अडकित्ता खाली ठेवला. मग हळूहळू जे बोलले ते ऐकून मीच भिंतीला टेकले. वेदश्रीच्या बारशाच्या आधी त्यांना धनंजयच्या तोंडून कळलं होतं, माझ्या माहेरून दर महिन्याला पैसे येतात. ते म्हणाले, "म्या नारळावर पोरगी आणली. गावात छाती काढून सांगितलं, म्या हुंडा घेतला नाई. अन् माह्या घरात महिन्याच्या महिन्याले हुंडा येऊन राह्यला, हप्त्यानं. मले वाटलं, अण्णाजीनं मले नाई म्हणू देलं अन् मागच्या दारानं टाकून राह्यले. मले भिकारी करून राह्यले. म्हून म्या तुया माहेरचं पाणी सोडलं. चार वर्सं सोडलं."

ते मला ओरडले नाहीत. ते नुसते माझ्याकडे पाहत होते, जसं मीच त्यांना काही सांगावं.

ताराचंद बिचारा हातातला ग्लास तसाच धरून बसला होता. जाताना त्यानं नानांना नमस्कार केला. कुणीतरी पाया पडण्याइतकं मोठं आहे असं त्याला वाटलं असावं, पण का ते त्यालाही कळलं नसेल.

संध्याकाळी नाना म्हणाले, अण्णाजीचा शब्द लोकाच्या हिशोबानं खोटा, माह्या हिशोबानं नाई, तो तुयासाठी होता, अन् तू आता माही पोरगी. मग म्हणाले, सोयाबीनचे पन्नास हजार आहेत, देतो. पण तुझ्या आईले सांग वहीत उसने म्हणून लिवजो, भेट म्हणून लिवलं तर परत आणीन.

पोत विकू नकोस. धनंजय म्हणतो, उरलेले दुकानातून तो भरेल, दर महिन्याला, आणि यावेळी कर्जाच्या खात्यात.

नाना रविवारी येतात. म्हणाले, तुझ्या आईच्या हातचा चहा प्यायचा आहे.

अंकू


॥ श्री गजानन ॥
सिंदी मेघे, गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

चि. अंकिता,

तुझं पत्र रविवारच्या आधी मिळालं नाही. पोस्टानं उशीर केला. म्हणून नाना दारात उभे राहिले तेव्हा मला वाटलं, सगळं संपलं. मी डोक्यावर पदर घेतला अन् तशीच उभी. ते चपला काढून आत आले, बाबांच्या खाटेवर बसले, त्यांच्या त्या हवेच्या गादीवर, अन् म्हणाले, "विहीणबाई, पाणी द्या."

चार वर्षांनी. माझ्या हातून अर्धा तांब्या सांडला.

मग त्यांनीच बाबांना सांगितलं. मी लपवायला मध्ये पडत होती, त्यांनी हात केला, राहू द्या. बाबांचा एक हात हलतो, तो त्यांनी धरून ठेवला अन् सांगत गेले. बैठकीचं आलं तेव्हा बाबांच्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं. मला वाटलं आता यांना काही होतं, मी गोळी शोधायला लागली. पण सत्तावन्न हप्ते तू काढले हे ऐकलं अन् बाबांच्या तोंडातून आवाज निघाला. मी धावली. अंकू, ते हसत होते. डाव्या बाजूनं तोंड वाकडं करून, खाट हलेपर्यंत. लकव्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता, मला ओळखूच आला नाही. नाना पण हसायला लागले. मी एकटी गोळीचं पाकीट घेऊन उभी.

हसून झाल्यावर बाबा बोलले. एवढे दिवस नुसतं पाणी, दूध, इतकंच निघायचं. त्यांनी नानांचा हात दाबला अन् म्हणाले, "खोटं... मी."

नाना म्हणाले, "हो. अन् म्या त्याहून येडा."

मॅडमनं काल कागद दिला, एक लाख ब्याऐंशी हजार, त्यातले अठ्ठ्याऐंशी भरून आली. या वेळी पासबुक तिथंच भरून घेतलं, रांगेत उभं राहून. नानांचे पन्नास वहीत उसने म्हणून लिहिले. तुझे अडतीस कशाखाली लिहायचे ते कळेना, म्हणून नुसतं 'अंकिता' लिहिलं.

मॅडम म्हणाली, ताराचंदच्या फोनबद्दल तक्रार पुढं पाठवायची का? मी म्हटलं, नको. त्याचा परवा फोन आला होता, वसुलीचा नाही. माताजी, पैर पडते हैं, म्हणाला, अन् ठेवला.

आता आज पोथीच्या वेळी एक ठरवलं. महाराजांसमोर मी कान धरले. दान गुप्त ठेवायचं मी शिकली, अन् काळजी पण गुप्त ठेवू लागली, देणं पण गुप्त ठेवू लागली. पीठ डब्यात टाकताना डोळे झाकले ते ठीक होतं. घरात झाकायचे नव्हते.

म्हणून हे शेवटचं. यशोदाबाईंना सांगितलं की आता पाकीट येणार नाही, तर त्या हिरमुसल्या, त्यांना पदराखालून आणायची सवय झाली होती. उत्तर लिहीत बसू नको. संध्याकाळी शाळेतून आली की फोन करजो. मी समोरच्या खोलीत, बाबांजवळ बसून बोलीन.

आई